उजवीकडून निघालेली माणसे

माझ्या गौरवार्थ निघणाऱ्या ग्रंथाची मुद्रिते संपादकांनी मला वाचायला पाठवली, ही त्यांची पहिली चूक. ज्याचा गौरव करायचा त्याच्या हाती तो आधी देऊ नये. तो दुरुस्त्या करत बसतो. मी बसलो. समासात जागा उरली नाही तेव्हा संपादकांनी फोन करून सुचवले की, एवढे बोलायचेच आहे तर ‘मनोगत’ म्हणून स्वतंत्र लिहा. त्यांना वाटले असावे की मनोगत म्हणजे आभार. आभार मी तोंडी मानीन. येथे दुरुस्त्याच आहेत.

ग्रंथातील पहिला लेख एका समीक्षकांचा आहे. ‘अजिंठ्याच्या सावलीत वाढलेला चित्रकार’ असे त्यांनी माझे वर्णन केले आहे. मी औरंगाबादेत गुलमंडीमागच्या एका बोळात वाढलो. अजिंठ्याची सावली तिथवर पोचायची तर सूर्य कुठे टांगावा लागेल, हे समीक्षकांनी एकदा काढून दाखवावे. पुढे ते म्हणतात की, माझ्या चित्रांतील माणसे नेहमी उजवीकडून डावीकडे चालतात, म्हणजे वाचणाऱ्याच्या नजरेला सामोरी येतात. म्हणून ती ‘घराकडे परतणारी माणसे’ होत. हे शब्द त्यांना इतके आवडले आहेत की दर पानावर भेटतात. त्यांच्या मागोमाग माझ्या एका माजी विद्यार्थ्याने या परतण्याचे कारणही शोधून काढले आहे: एक अपुरे राहिलेले प्रेम आणि त्याच्या आड आलेली जात.

माझी माणसे परतत नाहीत. ती निघालेली आहेत. मला सांगायचे आहे ते एवढेच. पण तेवढे सांगायला बरेच मागे जावे लागते.

आधी अजिंठा निकालात काढतो. मी तो प्रथम पाहिला तो मुंबईच्या कलाशाळेच्या सहलीबरोबर. तोपर्यंत आमच्या घरातून कुणी लग्न किंवा कोर्टाची तारीख असल्यावाचून गाव सोडल्याचे मला आठवत नाही. पण मी औरंगाबादचा म्हणताच वर्गाने मला वाटाड्या ठरवले. फर्दापूरला उतरल्यावर लेण्यांची वाट मी गुपचूप कंडक्टरला विचारून घेतली आणि जन्मापासून माहीत असल्यासारखा पुढे चालू लागलो. आत गेल्यावर बाहेरून एका माणसाने पत्रा धरून उन्हाची तिरीप भिंतीवर टाकली, तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकच हुंकार निघाला. माझ्याही निघाला. मी दगडाचा नाही. मुक्कामात मी त्या भिंतींच्या पुष्कळ प्रतिकृती केल्या आणि त्यांचे कौतुकही झाले. परतताना बसमध्ये त्या मांडीवर उलगडून पाहिल्या, तेव्हा वाटले की आपण कुणा थोर माणसाचे हस्ताक्षर सुबक गिरवले आहे. अक्षर देखणे होते. मजकूर माझा नव्हता. अजिंठा थोर आहे. त्याचा माझ्याशी संबंध नाही. एवढ्या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात, हे समीक्षकांना का पटू नये?

माझे अक्षर दुसरीकडे घडले होते. वडील निजामाच्या अमदानीत तहसिलीत कारकून होते. आमच्या घरी बोलणे मराठी, देवघरात संस्कृत, आणि कचेरी व शाळा दोन्ही उर्दू. मी पहिले अक्षर काढले ते लाकडी तख्तीवर, बोरूने, उजव्या कडेपासून. पुस्तक ज्या बाजूने उघडायचे तिला आज सगळे मलपृष्ठ म्हणतील. त्या पुस्तकांतली चित्रेही त्याच वाटेने जात: उजवीकडे पेरणारा शेतकरी, मध्ये उभे पीक, डावीकडे खळे. माणूस पानाच्या उजव्या कडेने आत येतो आणि डावीकडे पुढे जातो, हे मला कुणी शिकवले नाही. आमटी कोणत्या अंगाने ढवळायची हेही कुणी शिकवत नाही.

मग पोलीस ॲक्शन झाली. राज्य बदलले आणि पाठोपाठ शाळेची भाषा बदलली. नवी मराठी पुस्तके आली त्या दिवशी आमच्या गुरुजींनीच सवयीने पुस्तक मागल्या अंगाने उघडले, मोठ्या आवाजात छापखान्याचा पत्ता वाचायला सुरुवात केली आणि थबकले. वर्ग हसला. गुरुजीही हसले. मराठी आमच्या आईचीच भाषा; तिची अक्षरे आम्ही भराभर उचलली. हात डावीकडून चालू लागला. डोळे कुठून चालू लागतात, हे मात्र कुणी तपासले नाही, आणि आमचे आम्हालाही ते कळले नाही.

कलाशाळेत याची फळे भोगली. तेथील माझे गुरू करडे पण प्रामाणिक होते. ते माझ्या पाठीमागे उभे राहत आणि म्हणत, “सगळं आहे रे, पण या चित्रात शिरायला दार कुठं आहे?” एके दिवशी त्यांनी माझी एक रचना आरशासमोर धरली. रेखाटनातला दोष आरशात चटकन दिसतो, म्हणून चित्रकार असे करतात. ते बराच वेळ पाहत राहिले. “आरशात बरं दिसतंय,” ते म्हणाले. “म्हणजे तुझंच काहीतरी उलटं आहे. सरळ कर.”

मी सरळ केले. जिद्दीने केले, मी कुठलीच गोष्ट अर्धवट करत नाही. माझी सगळी माणसे मी वळवून उजवीकडे तोंड करून उभी केली. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो. त्या खटाटोपात काय गेले ते पदविका हाती आल्यावर कळले. लहानपणी चित्र आपसूक येत असे. भिंतीवर, पाटीवर, वडिलांच्या जुन्या कागदांच्या पाठीवर. आता सांगितलेले काहीही मला काढता येत होते आणि न सांगितलेले काहीच येत नव्हते.

अशा अवस्थेत मी गावी परतलो. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, बियाण्यांच्या पाकिटांवर कणसे काढली, लग्नपत्रिकांवर गणपती काढले. उरलेल्या वेळात खिडकीखालच्या मेजावर कागद ताणून बसत असे आणि दिवेलागणीला तो कागद सकाळइतकाच पांढरा असे. वडील शेजारून जाताना थांबत, उर्दू वर्तमानपत्राची घडी काखेत धरून कागद न्याहाळत आणि म्हणत, “वाह, बरखुरदार! आज बर्फाचं चित्र वाटतं.”

गावातल्या प्रत्येकाकडे माझ्यासाठी औषध होते. कुणी म्हणे मकबऱ्यावर जाऊन बस, कुणी म्हणे पाणचक्कीच्या हौदाशी बस, कुणी म्हणे वेरूळला जा, कैलासासमोर बसलास की आपोआप हात चालेल. प्रेरणा ही जणू एस.टी.ने जाऊन पिशवीतून आणायची वस्तू होती. मी गेलो. सगळीकडे बसलो. हात चालला, चित्र आले नाही. एका सरकारी शाळेत चित्रकला शिक्षकाची जागा निघणार असल्याचे कानी आले होते, आणि ती मिळाली तर कागद ताणणे कायमचे सोडायचे, असे मी मनाशी ठरवत आणले होते. हे मी कुणाला बोललो नाही. आज प्रथमच लिहितो आहे. तेव्हा ग्रंथात जे ‘तारुण्यातील झपाटलेपण’ म्हणून वर्णिले आहे ते कुठून आणले, ते लेखकालाच ठाऊक.

त्याच सुमारास एक निवृत्त मुख्याध्यापक शहागंजातल्या एका छापखान्यातून मुलांचे मासिक काढू लागले होते. त्यांनी मला शेवटचे पान दिले. “ज्यांना अजून अक्षरं येत नाहीत, त्यांच्यासाठी,” ते म्हणाले. “चार चित्रांत गोष्ट. एकही शब्द नको.”

मुलांचेच तर काम, म्हणून मी फार विचार केला नाही. कलाशाळेचे डोळे त्या कागदावर नव्हते. एका बैठकीत चार चौकटींची पट्टी पुरी झाली. मुलगी दारात उभी, हातात रिकामे दावे, मुलगी डोंगर चढते, खडकांमागे शोधते, आणि झाडाखाली तिला तिची बकरी सापडते, ती बकरीच्या गळ्यात पडते. रेघ कुठे अडली नाही. मेजावरून उठलो तेव्हा हात गरम होता. चित्र पुण्याला पाठवले, छपाईचा जस्ती ठसा, म्हणजे ब्लॉक, लाकडावर ठोकून आला. कच्ची प्रत मासिकाच्या संपादकांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, पाहिली, छापखान्याच्या फोरमनने पाहिली, मी पाहिली. सगळ्यांनी मान डोलावली. अंक निघाला.

अंक निघाल्यानंतरच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, एक तरुण बाई छापखान्यात शिरल्या. पदर खोचलेला, बोटांना खडू, हातात आमचा अंक. त्या मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. वेरूळजवळच्या एका गावच्या शेतकऱ्याची लेक. हे नंतर कळले. तेव्हा कळला तो फक्त आवाज.

“चित्रं काढणारे कोण हायेत इथं?”

“मी.”

“आमचा सगळा वर्ग रडवलात तुम्ही.” त्यांनी शेवटचे पान माझ्यासमोर आपटले. “ही पोरगी बकरीला डोंगरावर सोडून आली कशापायी?”

“सोडून नाही आली. सापडली तिला.”

“कुठं सापडली? आधी गळ्यात गळा. मग खडकामागं लपाछपी. मग डोंगर. अन् शेवटी दारात उभी, हातात नुसतं दावं. एक पोरगी म्हणाली, लांडग्यानं खाल्ली. झालं! सगळ्या सुरू. एकीला तर घरी पोचवून आले मी.”

संपादकांनी चष्मा लावून पान जवळ घेतले. “बाई, तुम्ही उलटं वाचताय.”

“मी मराठी वाचते, गुरुजी.”

आम्ही तिघांनी पान पाहिले, पुन्हा पाहिले. संपादक तख्तीवर शिकलेले, फोरमन तख्तीवर शिकलेला, मीही तख्तीवर शिकलेला. आम्हाला ती पट्टी अजूनही सरळच दिसत होती. फोरमनने तर मनापासून विचारले, “बकरी तो मिल गई ना, बाई? फिर रोए कायको?”

त्या हसल्या. आधी ओठांतल्या ओठांत, मग पदर तोंडाला लावून. “ह्या खोलीत सगळ्यांना मिळाली, मामू. माझ्या वर्गात नाय मिळाली.”

हसणे मला सहन होत नाही. तेव्हाही होत नसे. मी म्हणालो, “मग वर्गाला उजवीकडून बघायला शिकवा.”

“व्हय? अन् पाढे कुठून म्हणायचे, खालून वर?”

जाताना त्या दारात थांबल्या. “एक मात्र खरं,” त्या म्हणाल्या. “चित्र बघून आजवर रडल्या नव्हत्या त्या. पुस्तकात इतकी चित्रं हायेत, एक पोरगी ढुंकून बघत नाय.”

घरी जाऊन मी अंक काही न बोलता वडिलांच्या हाती दिला. त्यांनी पान दूर धरले, नजर उजवीकडून डावीकडे फिरली, आणि ते समाधानाने म्हणाले, “मिळाली की बकरी.” मी त्यांना घडलेले सांगितले. त्यांना आधी फार हसू आले. मग त्यांनी ते पान पुन्हा दूर धरून पाहिले, या खेपेला डावीकडून, बोटाने चौकटी मोजत, लहान मूल अक्षर लावते तसे. “अरेच्चा,” ते म्हणाले, “गेली बिचारी.” अंक परत देताना त्यांचा चेहरा उतरला होता. “म्हणजे बकरी आता आमच्यापुरतीच सापडली म्हणायची.”

मी ट्रंकेतून पदविकेची चित्रे काढली आणि दाढीच्या आरशासमोर एकेक धरू लागलो. आरशात ती माझी दिसली. इतकी वर्षे हात ज्या दाराशी थबकत होता, ते दार मीच, गुरूंच्या सांगण्यावरून, दुसऱ्या भिंतीत बसवले होते. गुरूंना मी दोष देत नाही. त्यांना तख्ती ठाऊक नव्हती, आणि मला तख्तीची आठवण उरली नव्हती. त्या सरकारी शाळेत मी अर्ज केला नाही.

पुढच्या शनिवारी त्या बाई पुन्हा आल्या. नवी पट्टी छापण्याआधी मला दाखवा, असे त्यांनी संपादकांना बजावले होते. तेथून आमचे काम सुरू झाले, आणि माझ्या आयुष्यात ज्याला काही नाव द्यावे असे जे काही आहे, ते त्याच कामातून आले. संपादकांचे म्हणणे, मी डावीकडून काढावे. बाईंचे म्हणणे, मुलींना कळले पाहिजे. माझे म्हणणे, मी पुन्हा वळणार नाही. तिघांचा तंटा ऐन भरात असताना बाईंनी खडूचे बोट पानाच्या उजव्या कडेला ठेवले, हळूहळू डावीकडे नेले, मग तसेच उलट आणले, आणि म्हणाल्या, “दोन्हीकडून लागंल अशी एखादी नाय का गोष्ट?”

अशी गोष्ट असते. ती शोधावी लागते. पतंग झाडात अडकतो, किंवा झाडातला पतंग सुटतो. घागर भरते, किंवा घागरीतले पाणी तहानलेल्यांना वाटत वाटत संपते. प्रत्येक चौकट दोन्ही अंगांनी खरी हवी. एकही चौकट एका बाजूला झुकली की डाव मोडला. मी उजवीकडून काढत जाई, त्या डावीकडून वाचत येत, आणि बहुतेक वेळा तिसऱ्या चौकटीत आमचे भांडण होई.

“हा म्हातारा इथं हसतोय कशाला? माझ्या बाजूनं त्याची म्हैस आत्ताच गेलीय.”

“माझ्या बाजूने आत्ताच आली आहे.”

“मग असं करा, मिशीत हसवा त्याला. मिशीतलं कुणाला कळत नाय.”

माझ्या चित्रांतील चेहऱ्यांचे ‘गूढ स्मित’ ज्यांना अजिंठ्याच्या भिंतीवर सापडले आहे, त्यांनी ही मिशी ध्यानात घ्यावी.

सर्वांत चांगली पट्टी त्यांनीच सुचवली. बैलगाडी, वाट, वाटेवरचे लिंबाचे झाड आणि गाडीत बसलेली एक लेक. एकीकडून ती सासरी चाललेली, एकीकडून माहेरी आलेली. लेकीचे डोळे काही केल्या जमेनात. सासरी जाणारी आणि माहेरी येणारी एकाच डोळ्यांनी कशी बघेल? बाई म्हणाल्या, “दोन्ही वेळेला ती मागंच बघते, चित्रकार. जाताना घर बघते, अन् येतानाही बघते, मागं चूल कुणी पेटवली असंल ते.” मी लेकीला मागे बघायला लावले. पट्टी जुळली.

आज त्या दिवसांतले काय हवे, असे कुणी विचारले तर मी तरुणपण मागणार नाही. ते मला फारसे सोसले नव्हते. मला ते बोट हवे. मूळ चित्रावरून ते फिरे तेव्हा मागे खडूची पुसट भुकटी राही. मी ती झटकत नसे. खडूची भुकटी ब्लॉक करणाऱ्यांच्या कॅमेऱ्यात उतरत नाही, असे मी संपादकांना सांगत असे, आणि ते खरेही होते. आणि मला ती नजर हवी. वर्षभरात बाई उजवीकडून बघायला शिकल्या होत्या. बघता बघता म्हणत, “थांबा, आता तुमच्या बाजूनं येते,” आणि डोळे मिचकावून पुन्हा सुरुवात करत. माझ्या बाजूने नंतर पुष्कळ लोक बोलले. माझ्या बाजूने बघितले ते एकट्या त्यांनीच.

आता माजी विद्यार्थ्याच्या लेखाकडे वळतो. जात आड आली, असे त्याने लिहिले आहे. आली असती. आमचे घर भिक्षुकी सोडून कारकुनीत आलेले, त्यांचे शेतीवाडीचे. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी आकाशपाताळ एक केले असते, आणि मला भांडायला आवडते. पण तिथवर वेळच आली नाही. घडले ते असे. वेरूळच्या अंगाला त्यांच्या गावात मुलींचे वर्ग उघडायचे ठरले आणि बाईंनी तिकडची बदली मागून घेतली. मला सांगितले ते शनिवारीच, पट्टीवर मान घालून.

मी म्हणालो, “मग हे काम?”

“काम तुमचं हाय. मी नुसती वाचत होते.”

“तुम्ही इथंच राहावं, असं मला वाटतं,” मी म्हणालो. याहून स्पष्ट बोलायची त्या काळी रीत नव्हती, आणि त्यांना ते पुरेसे स्पष्ट कळले. त्यांनी मान वर केली.

“माझ्या गावात अक्षर येणारी एक बाई नाय. आमच्या आईला स्वतःचं नाव काढता येत नाय. मला जायचंच हाय.” मग थोड्या वेळाने, “तुम्ही येता का तिकडं?”

“तिथं छापखाना कुठे आहे?”

“नाय,” त्या म्हणाल्या. “तिथं छापखाना नाय.”

एवढेच झाले. यात जात कुठे आहे, विद्यार्थ्याने दाखवावी. त्यांना त्यांचे काम होते आणि मला माझे. दोन्ही कामे चांगली होती. आजही कुणी मला तेथे छापखाना दाखवला तर मी माझे शब्द मागे घेईन.

त्या गेल्या त्या दिवशी मी स्टँडवर गेलो नाही. मेजावर बसलो. पट्टी नव्हे, एकच पूर्ण पान काढले. माळ, वर पुष्कळ आभाळ, आणि एक बाई पाठीवर ऊन घेऊन उजव्या कडेने शिरून डावीकडे चाललेली. हातात पिशवी. ती मागे बघत नाही. असे चित्र मला त्यापूर्वी आले नव्हते, आणि नंतर जी आली ती सगळी त्याच्याच वाटेने आली. मासिकाने ते मुखपृष्ठावर छापले. पुढे ते अनेक ठिकाणी छापले गेले, आणि जिथे तिथे लोकांना ती बाई घरी परतताना दिसली. दोन्हीकडून लागणाऱ्या पट्ट्या मी त्यानंतर काढल्या नाहीत. दुसऱ्या बाजूने वाचणारे कुणी नव्हते.

बाई मला त्यानंतर एकदाच भेटल्या. शाळेसाठी पुस्तके न्यायला गुलमंडीवर आल्या होत्या. केस थोडे पिकले होते, बोलणे तसेच होते. छापखान्यात डोकावल्या, फोरमन मामूंची चौकशी केली. मामू तोवर राहिले नव्हते. भिंतीवर ते मुखपृष्ठ चौकटीत लावलेले होते. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“कोण येतंय ही?”

“येत नाही,” मी म्हणालो. “चालली आहे.”

“मला तर येताना दिसली.”

“तुम्ही डावीकडून बघता आहात. तुम्हाला तरी हे सांगायला नको. ही इथून शिरली, या कडेने. तोंड पुढे आहे, ऊन पाठीवर आहे. ही निघालेली बाई आहे.”

“व्हय, ते कळतंय मला. तुमची बाजू मी विसरले नाय.” त्या चित्राकडेच बघत होत्या. “पण आज मी मुद्दामच ह्या बाजूनं बघितलं.”

मी त्यांना पुन्हा समजावून सांगितले. चित्राची रचना काढणाऱ्याच्या नजरेने ठरते, बघणाऱ्याच्या सोयीने नव्हे. आकाशाचा तोल असा, सावलीची दिशा अशी. मी सांगितले ते सर्व बरोबर होते. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. बाहेर रिक्षावाला पुस्तकांचे गठ्ठे चढवून हाका मारत होता. त्यांनी पदर सारखा केला.

“बरं बाबा,” त्या म्हणाल्या, “तुमचंच खरं.” आणि पायऱ्या उतरून गेल्या.

मी आता गारखेड्यात, चौथ्या मजल्यावर राहतो; त्या काळी येथे ज्वारी उभी असे. उर्दू वाचायचे म्हटले तर आता ओळीवर बोट ठेवावे लागते. ज्यांना माझी बकरी सापडत असे ती माणसे एकेक करून संपली; वडील, मासिकाचे संपादक, मामू. उजवीकडून सुरू होणारे पान बघितले की कुठे शिरायचे ते न सांगता कळणारा, या गावात आमच्या भाषेत बोलणारा, कदाचित मीच उरलो असेन. म्हणून मी एवढा भांडतो, असे कुणी म्हणेल. म्हणू दे.

समीक्षकांचा लेख छापावा. माझी हरकत या पानांत नोंदवली आहे. विद्यार्थ्याच्या लेखातील जातीचा परिच्छेद गाळावा. ‘अजिंठ्याची सावली’ हे शब्द मी मेल्याशिवाय छापू नयेत. त्या माळावरच्या बाईचे पूर्णपान चित्र ग्रंथाचे संपादक घेणार आहेत आणि त्याखाली काय लिहावे, असे त्यांनी मला विचारले आहे. ‘निघालेली’ असे मी लिहून दिले होते. ते मी काल परत मागवले. त्या चित्राखाली काही छापू नये. ‘परतणारी’ तर नकोच. पण दुसरेही काही नको. वाचकांनी ज्या बाजूने बघायचे त्या बाजूने बघावे.